चूक त्याची, मग क्लेम माझ्या पॉलिसीवर का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणीस दिवसांपूर्वी घेतलेली गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी होती. मागून पिकअप आली आणि ठोकली. बंपर फुटला, डिकीचा दरवाजा आत गेला, उजवा टेल लॅम्प गेला. पिकअपवाला तिथेच हात जोडून म्हणाला, "मालक, पाच हजार घ्या की ओ, पोलिसांत नको." तुम्ही पैसे घेतले नाहीत. त्याचा फोन नंबर घेतला, फोटो काढले आणि घरी आलात. दुसऱ्या दिवशी शोरूमने ६२ हजारांचं एस्टिमेट दिलं आणि तुमच्याच विम्यातून काम करून घ्या म्हणून सांगितलं. आज तिसरा दिवस आहे, विमा कंपनीला अजून काही कळवलेलं नाही. आणि तुम्ही विचारताय की चूक शंभर टक्के त्याची असताना माझी पॉलिसी का वापरायची, माझा बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, का घालवायचा?

सोलापूर जिल्ह्यात मी एकवीस वर्षं मोटार सर्व्हेअरचं, म्हणजे विमा क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासण्याचं, काम करते आहे. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा खरोखर दुखावलेला असतो. गाडीला हळदकुंकू लावून महिना झालेला नसतो, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. चूक कोणाची हा एक प्रश्न आहे आणि दुरुस्तीचे पैसे आधी कोण देणार हा दुसरा. तुम्ही दोन्ही एकत्र बांधलेत, म्हणून गाडी तीन दिवस तशीच उभी आहे. तुमची विमा कंपनी तुमच्याशी करार करून बसली आहे. तुमची चूक असो, त्याची असो, की रात्री कोणी ठोकून पळून गेलेलं असो, पॉलिसीत 'ओन डॅमेज' म्हणजे ओडी, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असेल तर ती दुरुस्तीचे पैसे देते. त्याच्या विमा कंपनीशी मात्र तुमचं काहीच नातं नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे त्याच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणाऱ्या विम्यातून, तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळू शकतं, कायद्यात तशी सोय आहे. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्याकडे जिल्हा न्यायालयात, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज करावा लागतो, चूक शाबीत करावी लागते, आणि निकाल किंवा तडजोड झाल्यावर पैसे येतात. शोरूमच्या काउंटरवर त्याच्या पॉलिसीचा नंबर सांगून तुमची गाडी कॅशलेस होत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: गाडी तुमच्या पॉलिसीतून दुरुस्त करून घ्या, आणि पॉलिसीतून न मिळालेले पैसे त्याच्याकडून मागा. याला अपवाद आहेत. नुकसान किती, झिरो डेप (जुनेपणाची कपात, म्हणजे घसारा, न कापणारं जास्तीचं संरक्षण) घेतलंय का, कोणाला लागलंय का, यावर उत्तर बदलतं. तुमच्या आकड्यांवरच करून बघू.

शोरूमच्या एस्टिमेटची तुम्ही दिलेली फोड अशी आहे: बंपर ९,०००, टेल लॅम्प ७,०००, डिकीचा दरवाजा २०,०००, डेंटिंग-फिटिंगची मजुरी १०,००० आणि रंगकाम १६,०००. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कालची असली तरी. म्हणजे बंपरचे ४,५०० आणि लॅम्पचे ३,५०० तुमच्या खिशातून. पत्र्याच्या भागांवर पहिल्या सहा महिन्यांत घसारा शून्य, त्यामुळे डिकीचा दरवाजा पूर्ण मिळतो. हा नव्या गाडीचा मोठा फायदा आहे. सहा महिने झाले की ५ टक्के, वर्ष झालं की १० टक्के असा तो कापायला सुरुवात होते. काचेवर घसारा नसतो. मजुरीवर नसतो. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे १६,००० पैकी ४,००० माल आणि कपात २,०००. एकूण घसारा १०,०००. त्यात सक्तीची वजावट १,००० रुपये, कारण तुमची गाडी १५०० सीसीच्या आतली आहे. त्यावरच्या गाडीला २,००० असते. सर्व्हेअरने सगळं एस्टिमेट जसंच्या तसं मान्य केलं असं धरलं तर कंपनी ५१,००० देते आणि तुमचे ११,००० जातात. झिरो डेप घेतलं असेल तर घसाऱ्याचे दहा हजार वाचतात, फक्त १,००० आणि क्लिप-सीलंटसारख्या किरकोळ मालाचे पैसे द्यावे लागतात. नवीन गाडीबरोबर शोरूम बहुतेक वेळा झिरो डेप देतं, पण पॉलिसीत ॲड-ऑनच्या, म्हणजे जास्तीच्या संरक्षणांच्या, रकान्यात स्वतः वाचून खात्री करा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

आता बोनस. नो क्लेम बोनस फक्त ओडी हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर नूतनीकरणाला २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. चूक दुसऱ्याची होती म्हणून हा बोनस वाचत नाही. ओडीतून पैसे घेतले की शिडी पुन्हा खालून सुरू होते. बहुतेक लोक फक्त पुढच्या वर्षीचे २० टक्के मोजतात. खरं नुकसान जरा जास्त आहे, कारण तुम्ही पुढेही दरवर्षी एक पायरी मागे राहता: पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के गेले, दुसऱ्याला २५ ऐवजी २०, तिसऱ्याला ३५ ऐवजी २५, चौथ्याला ४५ ऐवजी ३५, पाचव्याला ५० ऐवजी ४५. बेरीज केली तर एका वर्षाच्या ओडी हप्त्याच्या निम्मे. तुमचा ओडी हप्ता १४,००० धरला तर पाच वर्षांत मिळून जास्तीत जास्त ७,०००, आणि गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

म्हणजे एकीकडे ५१,००० मिळतात आणि दुसरीकडे पाच वर्षांत सात हजारांच्या आत जातात. तुमच्या बाबतीत क्लेम करायचाच. हेच नुकसान सात-आठ हजारांचं असतं, नुसता बंपर घासला असता, तर मी उलट सांगितलं असतं: त्याच्याकडून पैसे घ्या, काम करून घ्या, पॉलिसीला हात लावू नका. काही पॉलिसींत बोनस राखण्याचं ॲड-ऑनही असतं, तेही बघून घ्या.

त्या पाच हजारांचं काय करायचं? पैसे घेण्यात काही गैर नाही. गोंधळ होतो तो त्यासोबत लिहून दिलेल्या कागदाने. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं, बाळे गावाजवळ मागून धडक. मालकाने जागेवर दहा हजार घेतले आणि समोरच्याने सांगितलं तसं लिहून दिलं की 'माझी काहीही तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही.' आठवड्याने बंपर उघडल्यावर आतला पत्रा आणि बीम वाकलेले निघाले, खर्च सत्तर हजारांच्या पुढे गेला. तेव्हा मालकाच्या स्वतःच्या विमा कंपनीनेच विचारलं की ज्याच्याकडून आम्ही वसुली करू शकलो असतो त्याला तुम्ही आम्हाला न विचारता मोकळं का केलंत. तुमची कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा चूक करणाऱ्याकडून ते वसूल करण्याचा हक्क तिच्याकडे जातो. तो हक्क तुम्ही परस्पर सोडू शकत नाही. गाडीत बसलेल्या कोणाची मान दोन दिवसांनी धरली तर तो दावाही त्या एका ओळीत अडकतो.

म्हणून पिकअपवाल्याला हिशोब दाखवा. बाकी विमा देतो आहे, माझ्या खिशातून इतके जातायत, ते तुम्ही द्या, इतकंच. पैसे खात्यावर घ्या आणि पावती देताना असं लिहा: 'अमुक तारखेच्या अपघातात माझ्या विम्यातून न मिळणाऱ्या दुरुस्ती खर्चापोटी अमुक रुपये मिळाले. विमा कंपनीचे हक्क आणि शारीरिक इजेबाबतचे हक्क अबाधित आहेत.' ती पावती विमा कंपनीला मेलने पाठवा. एकाच दुरुस्तीचे पूर्ण पैसे त्याच्याकडूनही घ्यायचे आणि कंपनीकडूनही, असं मात्र करू नका. ती फसवणूक आहे.

पोलिसांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण सांगते. फक्त गाडीचं नुकसान असेल तर ओडी क्लेमसाठी एफआयआर बहुतेक वेळा लागत नाही. कोणाला लागलं असेल, गाडी चोरीला गेली असेल, तर लागतोच. तरीही अपघात ज्या हद्दीत झाला त्या पोलीस ठाण्यात साध्या मराठीत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय घडलं, बस. शहरात पोलीस आयुक्तालयाची ठाणी आहेत, मोहोळ-टेंभुर्णीकडे झालं असतं तर सोलापूर ग्रामीणकडे जावं लागलं असतं. उद्या पिकअपवाल्याने आपण तिथे नव्हतोच असं सांगितलं तर हा कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. कोणाची मान, पाठ किंवा छाती दुखत असेल, थोडीशी का असेना, तर आजच सिव्हिलला दाखवून नोंद करून घ्या. दहा दिवसांनी दाखवलं तर ते दुखणं या अपघाताचंच हे सांगणं फार अवघड जातं.

पिकअपच्या नंबरवरून एमपरिवहन ॲपवर तिचा विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत आहे ते बघा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. विमा संपलेला असेल तर तुमच्या ओडी क्लेमला काही अडत नाही, पण वसुली थेट मालकाकडून करावी लागते. विम्याशिवाय गाडी चालवणं हा कलम १९६ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गाडी विजापूरकडची, केए २८ पासिंगची असली तरी घाबरू नका. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, त्यासाठी कर्नाटकात जावं लागत नाही. आणि ऊस गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीने ठोकलं तर ट्रॉलीच्या मागे नंबर शोधत बसू नका, पुढे पळत जाऊन ट्रॅक्टरच्या नंबरचा फोटो घ्या.

सात रस्त्याला आसपास दुकानं आहेत. कॅमेरा असलेल्या दुकानात आजच जाऊन विचारा. दुकानाच्या रेकॉर्डरमध्ये जुनं चित्रण काही दिवसांतच पुसून नवीन चढतं. तिसरा दिवस म्हणजे अजून मिळण्याची आशा आहे.

विमा कंपनीला आजच कळवा, ॲपवर किंवा टोल फ्रीवर, आणि क्लेम नंबर लिहून घ्या. अपघाताची खरी तारीख सांगा. तीन दिवस उशीर झाला म्हणून कालची तारीख सांगावी असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, ऐकू नका. फोटोत तारीख-वेळ असते आणि खोटी तारीख उघडी पडली की साधा क्लेम संशयाचा होतो. फक्त उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०११ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. उशिराचं कारण एका ओळीत लिहा, एवढं पुरतं.

खोट्याबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. होटगी रोडवरची एक गाडी माझ्याकडे तपासायला आली. क्लेम फॉर्मवर चालक म्हणून नवऱ्याचं नाव. मी गाडीचा दरवाजा उघडला तर ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली, आरसा खाली वळवलेला. तो माणूस सहा फूट उंच होता, त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली मावले नसते. नंतर एका मेडिकल दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसलं की गाडी त्याची बायको चालवत होती. तिच्याकडे वैध लायसन्स होतं, चूकही तिची नव्हती. खरं नाव लिहिलं असतं तर क्लेम सरळ मंजूर झाला असता. गाडी माझ्या नावावर, म्हणून चालकही मीच दाखवायला हवा, असं त्याला वाटलं. कंपनीने चुकीच्या माहितीच्या कारणावरून क्लेम नाकारला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. वैध लायसन्स असलेल्या कोणीही मालकाच्या परवानगीने गाडी चालवली तरी पॉलिसी चालते. जो चालवत होता त्याचंच नाव लिहा.

आता सर्व्हे आणि दुरुस्ती. इथे मालक फार लवकर मागे सरतो आणि सगळं शोरूमवर सोडून देतो. मोटार क्लेममध्ये नुकसान ५०,००० किंवा जास्त असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याहून कमी असेल तर कंपनी फोटो-व्हिडिओवरही निकाल देते. तुमचं एस्टिमेट ६२ हजारांचं आहे, म्हणजे सर्व्हेअर येईल. त्याची फी कंपनी देते. तुमच्याकडून एक रुपयाही घेण्याचा त्याला अधिकार नाही, हे मी त्याच व्यवसायात राहून सांगते आहे. तो येण्याआधी गाडी खोलू देऊ नका. आणि तो येईल तेव्हा तुम्ही तिथे हजर राहा, अर्धा दिवस सुट्टी काढावी लागली तरी.

मागून बसलेल्या धडकेत खरं नुकसान बंपरच्या आत असतं. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो दबून पुन्हा बाहेर येतो आणि बाहेरून फक्त चिरा दिसतात. मी काय करते ते सांगते, तुम्हीही करून बघा. डिकी बंद करून तिच्या कडेची फट अंगठ्याच्या नखाने वरून खाली चाचपत जा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्ही बाजूंना नख सारखंच आत जायला हवं. एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल लागलं तर दरवाजा नुसता आत गेलेला नाही, सांगाडा थोडा सरकला आहे. मग डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्याच्या पत्र्यावर मोबाईलचा टॉर्च आडवा धरा. सरळ प्रकाशात न दिसणारी सुरकुती आडव्या प्रकाशात सावलीसकट दिसते. ती असेल तर सर्व्हेअरला तिथेच दाखवा आणि फोटोत घ्यायला सांगा. बंपर उतरवल्यावर आतला बीम वाकलेला निघाला तर शोरूमला पुरवणी एस्टिमेट द्यायला लावा आणि सर्व्हेअरने पुन्हा बघितल्याशिवाय ते काम सुरू होऊ देऊ नका. आधी काम आणि नंतर मंजुरी असं झालं की तो खर्च तुमच्या अंगावर येण्याची शक्यता फार.

नवी गाडी आहे म्हणून सगळं नवीनच बसवा, असा तुमचा आग्रह असणार. मी तो समजू शकते, पण सगळ्याच ठिकाणी तो तुमच्या फायद्याचा नाही. बंपरचे आतले लॉक तुटले असतील तर बंपर बदलायलाच हवा, वेल्डिंग केलेला लॉक पहिल्या खड्ड्यात सुटतो. टेल लॅम्पला चीर असेल तर तोही बदला, आत पाणी जातं. डिकीचा दरवाजा कडेला दुमडला असेल, कुलपाजवळ फाटला असेल, तर बदला. पण मधोमध गुळगुळीत खोलगट दबलेला असेल आणि रंग तडकलेला नसेल, तर रंग न काढता डेंट ओढून काढणारा कारागीर मिळत असेल तर कंपनीचा मूळ रंग आणि मूळ सीलिंग टिकतं. कारखान्यात भाजलेल्या रंगाची बरोबरी वर्कशॉपचा रंग करू शकत नाही. तुमच्या फोटोत दरवाजाची खालची कड मोडलेली दिसते, म्हणून तुमच्या गाडीला मी बदलायचाच सल्ला देईन. पार्किंग सेन्सर आणि मागचा कॅमेरा एस्टिमेटमध्ये नाहीत. ते तपासून घ्यायला सांगा.

काम सुरू होण्याआधी शोरूमकडून लेखी घ्या की कंपनी किती देणार आणि तुमच्याकडून किती घेणार. हा आकडा गाडी ताब्यात घेताना पहिल्यांदा कळला की भांडण होतं. बदललेले जुने भाग विमा कंपनीचे असतात, पण ते बघायला मागायचा तुम्हाला हक्क आहे. जुना बीम बघितलात की नवीन बसला आहे याची खात्री पटते.

नव्या गाडीच्या आणखी दोन गोष्टी. पहिली रजिस्ट्रेशनची. तुमच्या गाडीला एमएच १३ चा कायमचा नंबर मिळाला आहे असं तुम्ही लिहिलंय, चांगलं झालं. ज्यांची गाडी अजून तात्पुरत्या नंबरवर आहे त्यांनी त्याची मुदत आज बघावी. मुदत संपलेल्या तात्पुरत्या रजिस्ट्रेशनवर रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे दावे नाकारणं बरोबर आहे, असे निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दिले आहेत. दुसरी गोष्ट बाहेरून बसवलेल्या वस्तूंची. सीएनजी किट, महागडी म्युझिक सिस्टीम पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत.

तुमचं नुकसान मोठं असतं, दुरुस्ती विमा किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली असती, तर गाडी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरली गेली असती आणि तिथे 'रिटर्न टू इनव्हॉइस', म्हणजे बिलाची पूर्ण किंमत देणारं ॲड-ऑन कामाला आलं असतं. साध्या पॉलिसीत नव्या गाडीचीही विमा किंमत शोरूम किमतीच्या ९५ टक्के असते आणि रजिस्ट्रेशन, रोड टॅक्स त्यात धरलेला नसतो. कर्ज असेल तर ती रक्कम आधी बँकेकडे जाते. तुमच्या प्रकरणाला हे लागू नाही.

आतापर्यंतचं एका दमात: आज कंपनीला कळवा, आज कॅमेरा शोधा, उद्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या, सर्व्हेला हजर राहा, क्लेम ओडीतून करा, खिशातून गेलेले पैसे पिकअपवाल्याकडून मर्यादित पावतीवर घ्या.

तो द्यायला तयार नसेल तर? न्यायाधिकरणात जाता येतं. त्याचा थर्ड पार्टी विमा मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत पुरतो. दुचाकीने ठोकलं असतं तर ही मर्यादा एक लाख असती. पण तुमचे अडकलेत ११ हजार, किंवा झिरो डेप असेल तर हजार-दीड हजार. त्यासाठी वकील, तारखा, साक्षीदार हे मी तुम्हाला करायला सांगणार नाही. कोणाला लागलं असेल, किंवा तुमच्याकडे ओडी नसून नुसता थर्ड पार्टी विमा असता, तर मात्र हाच रस्ता होता आणि तो धरायला सांगितलं असतं. अशी बरीच प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीने मिटतात.

तुमच्याच कंपनीने अन्यायाने कपात केली तर सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. कारण वाचल्याशिवाय भांडू नका. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते; सोलापूर त्यांच्याच कार्यक्षेत्रात आहे. फी नाही, वकील लागत नाही. बंपरवर घसारा का कापला, ही तक्रार तिथे टिकणार नाही, तो करारातच आहे. झिरो डेप असून कापला, ही टिकेल.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जाऊ नका. सकाळी अकराच्या सुमारास जा आणि गाडी शेडच्या बाहेर उन्हात आणायला सांगा. ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच दिसतात; आपल्याकडच्या उन्हात डिकी आणि शेजारच्या पॅनलच्या छटेतला फरक दहा फुटांवरून कळतो. फट पुन्हा नखाने चाचपा. पाइपने डिकीवर दोन मिनिटं पाणी सोडायला लावा, मग चटई उचलून हात फिरवा. हात कोरडा निघाला आणि सेन्सर वाजला, की मगच सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर, म्हणजे काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर, सही करा. त्याआधी नाही, कितीही घाई केली तरी.

आणि न्यायाधिकरणात अर्ज करण्याची कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. आज तुम्हाला त्याची गरज वाटत नसली तरी ती तारीख मोजून घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.